जावरची उलटी भट्टी: जस्ताची वाफ पकडणाऱ्या माणसांची गोष्ट

उदयपूरला जाणारे आपले लोक पिचोला, सिटी पॅलेस, हल्दीघाटी, नाथद्वारा एवढं उरकून परत येतात, मीही दोनदा तेच केलं होतं. तिसऱ्यांदा मात्र गाडी दक्षिणेकडे घेतली, साधारण ४० किलोमीटर, अरवलीच्या डोंगरात, जावर गावाला. राजस्थान म्हटल्यावर डोळ्यासमोर वाळूचे ढिगारे येतात तसं हे नाही, इथे उघडेबोडके खडकाळ डोंगर, मध्ये टिडी नदीचं बहुतेक वेळा कोरडं पात्र, आणि उन्हाळ्यात असा झळाळणारा उजेड की डोळे बारीक करूनच चालायचं. तिथे एका पडक्या भिंतीपाशी मी थांबलो, कारण ती भिंत दगडाची नव्हती आणि विटांचीही नव्हती. एकावर एक आडवे रचलेले मातीचे नळकांडे होते, प्रत्येक वीतभर किंवा थोडं जास्त लांब, एका बाजूला फुगीर, दुसऱ्या बाजूला निमुळतं. शेकडो. लांबून बघितलं तर वाटावं कुणीतरी वांगी रचून ठेवलीत.

ही वांगी म्हणजे मुशी आहेत. सोनाराकडे असते ना मूस, धातू वितळवायची, तसलीच पण बंद तोंडाची. मधल्या काही शतकांत या गावाने यात जस्त बनवलं, आणि वापरून झालेल्या मुशी इतक्या साठल्या की लोकांनी त्यांचीच घरं आणि भिंती बांधल्या. गावाच्या आजूबाजूला जे ढिगारे दिसतात, टेकड्याच वाटतात, ते बऱ्याच ठिकाणी या मुशींचे आणि भट्टीच्या राखेमळीचे आहेत. लाखो टन माल आहे.

आता यात एवढं काय विशेष, तांबं काढलं, लोखंड काढलं तसं जस्त काढलं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. पण जस्त हा प्रकारच वेगळा आहे, आणि तो नीट समजला की मगच त्या मातीच्या वांग्याची किंमत कळते.

आधी साधी गोष्ट. जमिनीतून धातू सहसा धातू म्हणून मिळत नाही, तो दगडात गंधकाला नाहीतर ऑक्सिजनला चिकटून बसलेला असतो. त्याला सोडवायचं म्हणजे कोळशाबरोबर तापवायचं. कोळशातला कार्बन ऑक्सिजनला ओढून घेतो आणि धातू मोकळा होतो. शिसं घ्या, ३२७ अंशाला वितळतं, भट्टीत मोकळं झालं की तळाला ओघळून जमतं, तुम्ही खालून भोक पाडून काढून घ्या. तांब्याचंही तसंच, फक्त आच जास्त लागते. म्हणजे भट्टी पेटवायची, धातू खाली बसतो, मळी वर तरंगते, झालं काम.

जस्त असं वागत नाही. जस्ताला ऑक्सिजनपासून सोडवायला १००० अंशाच्या आसपास किंवा वरच उष्णता लागते. आणि जस्त उकळतं किती अंशाला? ९०७. म्हणजे ते ज्या क्षणी मोकळं होतं त्या क्षणी ते वितळलेलं नसतंच, थेट वाफ असते. जन्मालाच वाफ म्हणून येतं. ती वाफ धुराबरोबर वर जाते, वर हवा भेटते, हवेतला ऑक्सिजन भेटतो, आणि वाफेची परत पांढरी भुकटी होते, म्हणजे जिथून सुरुवात केली तिथेच आलो. ती भुकटी म्हणजे झिंक ऑक्साइड, तेच जे त्वचेच्या मलमात असतं. तर जुन्या काळी कुठल्याही साध्या भट्टीत जस्ताचा दगड टाकला तर तळाला काही मिळायचं नाही, आणि चिमणीच्या कडांना पांढरं काहीतरी चिकटलेलं दिसायचं. हजारो वर्षं लोकांच्या हातातून हा धातू असाच निसटून गेला.

मग पितळ कसं होतं जुन्या काळी, पितळेत तर तांब्याबरोबर जस्तच असतं? त्याची युक्ती वेगळी होती. तांब्याचे तुकडे, जस्ताचा दगड आणि कोळसा एका बंद मुशीत घालून तापवायचं, आत जस्ताची वाफ झाली की ती बाहेर जायच्या आधी तांबंच तिला शोषून घेतं. जस्त कुणी कधी डोळ्यांनी बघितलंच नाही, तरी पितळ तयार. याला मर्यादा होती, अशा पितळेत साधारण २८ टक्क्यांपर्यंतच जस्त जातं, त्यापुढे जात नाही. आणि प्रमाण आपल्या हातात राहत नाही. आपल्या नाशिकची किंवा पुण्याच्या तांबट आळीची भांडी बनवणाऱ्याला विचारा, धातूचं प्रमाण जरा हललं की ठोकताना पत्र्याला चीर जाते. प्रमाण हातात यायचं तर जस्त वेगळं, शुद्ध, हातात धरता येईल असं पाहिजे.

हे जावरच्या लोकांनी केलं.

पण आधी खाण. जावरला एक डोंगर नाही, मोचिया, बलारिया, जावरमाला, बरोई असे शेजारी शेजारी डोंगर आहेत आणि त्यांच्या पोटात डोलोमाइट नावाचा खडक आहे, चुनखडीचा भाऊ समजा, साधारण १७० कोटी वर्षांपूर्वीचा. त्या खडकात जस्ताचं खनिज आणि शिशाचं खनिज एकत्र मिसळलेलं आहे. शिशाच्या खनिजाला गॅलेना म्हणतात, फोडलं की चकचकीत करडे चौकोनी तुकडे पडतात, हातात घेतलं तर आकाराच्या मानाने विश्वास बसणार नाही एवढं जड. जस्ताच्या खनिजाचं नाव स्फॅलेराइट, तपकिरी-काळपट, तितकं देखणं नाही. आणि या सगळ्यात चांदी असते, डोळ्यांना न दिसणारी, चिमूटभर.

जुन्या खाणीत सापडलेल्या लाकडांची कार्बन पद्धतीने वयं काढली तेव्हा काही लाकडं साधारण २४०० वर्षांपूर्वीची निघाली. म्हणजे सम्राट अशोकाच्याही आधीपासून इथे माणसं डोंगराच्या आत उतरत होती. त्या काळी त्यांना जस्त नको होतं बहुधा, शिसं आणि चांदी हवी होती. चांदी काढायची पद्धत सुंदर आहे: आधी शिसं काढायचं, चांदी त्याच्यातच मिसळून येते, मग ते शिसं राखेच्या वाटीसारख्या भांड्यात लाल तापवून त्यावर हवा मारत राहायचं. शिसं हवेतला ऑक्सिजन घेऊन मुर्दाडशिंग होतं आणि राखेत मुरतं, चांदीला ऑक्सिजनचं काही पडलेलं नसतं, ती तशीच राहते. शेवटी वाटीच्या तळाला एक चमकणारा थेंब उरतो. मणभर शिशातून असा थेंब काढायचा म्हणजे किती लाकूड जाळलं असेल बघा.

लाकूड खाणीतही जळायचं. बारूद नव्हती तेव्हा कठीण खडक फोडायला आग लावायचे. खडकाच्या तोंडाशी लाकडं रचून पेटवायची, खडक तापून फुगतो, तडकतो, कधी वरून पाणी मारलं की अजून तडकतो, मग लोखंडी छिन्नी आणि हातोड्याने ढिले झालेले कपचे पाडायचे. जुन्या खाणीच्या भिंती म्हणून गोलसर, गुळगुळीत आणि काजळलेल्या असतात, सुरुंगाने फोडलेल्या बोगद्यासारख्या टोकदार नसतात, एकदा फरक दाखवला की मग लांबूनही ओळखू येतो. आता विचार करा, बंद बोगद्यात आग लावायची, खडकात गंधक, म्हणजे त्याचा तिखट वायू, कोळशाचा वायू, धूर, आणि तो निवळला की त्याच भोकात दिव्याच्या उजेडात वाकून शिरायचं आणि डोक्यावरच्या तडकलेल्या खडकाला छिन्नी लावायची. मी फक्त तोंडाशी उभा राहून आत बघितलं तरी पाऊल पुढे टाकावंसं वाटलं नाही. आत जाणाऱ्यांची नावं कुठल्याही शिलालेखात नाहीत.

वर आल्यावर त्या दगडाचं काय करायचे ते सांगतो, इथेच सगळी मजा आहे.

पहिलं काम भाजणं. दगड कुटून उघड्यावर भाजायचा म्हणजे गंधक जळून जातो आणि त्या जागी ऑक्सिजन येतो. मग त्या भाजलेल्या भुकटीत डोलोमाइट, कोळसा किंवा शेणासारखं जळणारं काही मिसळून छोट्या छोट्या गोळ्या वळायच्या. गोळ्या का, भुकटीच का नाही भरली? कारण भुकटी दाबून बसते आणि वाफेला वाट राहत नाही, गोळ्यांच्या मध्ये फटी राहतात. या गोळ्या मातीच्या वांग्यात भरायच्या. मग वांग्याच्या तोंडाला एक निमुळतं मातीचं नळकांडं ओल्या मातीने लिंपून जोडायचं, देठासारखं.

आता हे वांगं भट्टीत उलटं ठेवायचं आहे, देठ खाली. उलटं केलं की गोळ्या देठातून पडणार ना? म्हणून त्या देठात एक काडी खोचून ठेवायचे. काडीमुळे गोळ्या अडून राहतात. भट्टी तापली की आतल्या गोळ्या एकमेकींना चिकटून घट्ट होतात, पडत नाहीत, आणि काडी जळून जाते, आणि ती जळून गेली की नेमकी तिच्या जागी वाफेला खाली उतरायला वाट तयार. मला या अख्ख्या गोष्टीत ही काडी सगळ्यात जास्त आवडते. कुणीतरी भरलेली मूस उलटी केली असेल, सगळा माल सांडला असेल, परत केली असेल, परत सांडला असेल, आणि मग एके दिवशी शेजारी पडलेली काडी उचलून खुपसली असेल. ही माझी कल्पना आहे, पण अशा गोष्टी राजदरबारात बसून सुचत नाहीत, हात काळे झाल्यावरच सुचतात.

भट्टी दोन मजली. वरचा मजला आगीचा, खालचा गार. मध्ये भाजलेल्या मातीच्या जाड, भोकं असलेल्या चार फरश्या, प्रत्येकीत मोठी ९ भोकं आणि बरीच बारीक. मोठ्या भोकातून एकेका मुशीचा देठ खाली येतो, बारीक भोकांतून राख पडते आणि हवा खेळते. चार फरश्या, प्रत्येकी ९, म्हणजे एका भट्टीत ३६ मुशी, सहाच्या सहा ओळी. वर मुशींच्या भोवती जळण, ११०० अंशाच्या वर तापमान, चार-पाच तास. आत जस्ताची वाफ होते, तिला वर जायला जागाच नाही कारण वांग्याचं ढुंगण वर आहे आणि ते बंद आहे, एकच वाट उरते, खाली, देठातून. देठ ज्या मजल्यात उतरतो तो गार, इतका गार की वाफेचे थेंब व्हावेत पण इतकाही नाही की ते देठातच गोठून बसावेत, कारण जस्त ४१९ अंशाखाली घट्ट होतं. तेवढ्या मधल्या पट्ट्यात तापमान सांभाळायचं, थर्मामीटर नसताना. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून थेंब लागतात ते बघतो ना आपण, तेच, फक्त उलटं आणि हजार अंशांचं. थेंब थेंब जस्त खालच्या भांड्यात पडतं. मुशीच्या आत कोळशाचाच वायू भरलेला असतो, ऑक्सिजन आत येतच नाही, म्हणून पांढरी भुकटी होत नाही.

शाळेत आपण याला ऊर्ध्वपातन म्हणून शिकलो, ऊर्ध्व म्हणजे वर. इथे सगळं उलटं, खाली. रसशास्त्रात याला वेगळा शब्द आहे, अधःपातन. आणि रसरत्नसमुच्चय नावाचा जो जुना संस्कृत ग्रंथ आहे त्यात या मुशीचं नावच वृंताकमूषा आहे. वृंताक म्हणजे वांगं! म्हणजे त्या भिंतीपाशी उभं राहून मला जे वाटलं ते सातशे-आठशे वर्षांपूर्वी लिहिणाऱ्यालाही वाटलं होतं. त्यात असंही सांगितलंय की मुशीतून येणारी निळी ज्वाला पांढरी झाली की काम होत आलं समजावं. म्हणजे थर्मामीटर नव्हता पण ज्वालेच्या रंगाकडे बघणारा डोळा होता. दगडाला त्यात रसक किंवा खर्पर म्हणतात, आणि धातूला संस्कृतात यशद किंवा जसद, आपल्या जस्ताच्या नात्यातलंच नाव.

पण एक लक्षात घ्या, पुस्तकात एका मुशीची कृती असणं वेगळं आणि जावर वेगळं. १९८३ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमचे पॉल क्रॅडॉक, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे के. टी. एम. हेगडे आणि हिंदुस्थान झिंकची माणसं यांनी मिळून इथे उत्खनन केलं तेव्हा भट्ट्या मिळाल्या त्या एका रांगेत सात, काहींत मुशी जागच्या जागी. सात गुणिले छत्तीस, २५२ मुशी एका वेळेला. सगळ्या एका मापाच्या, आणि प्रत्येक मूस एकदाच वापरायची, दुसऱ्यांदा नाही. म्हणजे कुंभार पाहिजेत कायमचे, माती आणणारे पाहिजेत, गोळ्या वळणारे पाहिजेत, लाकूडतोडे, कोळसा पाडणारे, वाहणारे जनावरांचे तांडे. ही फॅक्टरी होती हो. प्रयोगशाळा नव्हे, गुप्त विद्याही नव्हे, अख्खं गाव शिफ्ट लावून काम करतंय अशी फॅक्टरी, आणि ती शतकानुशतकं चालली.

मला म्हणूनच ते व्हॉट्सअॅपवर फिरणारे "आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं" वाले मेसेज बघून वाईट वाटतं. त्यात जावरचा फोटो असतो, ऋषीमुनींचं नाव असतं, पण काडी नसते, फरशीची भोकं नसतात, कुंभार नसतो. ज्यांनी खरं काम केलं त्यांना बाजूला सारून आपण अभिमान बाळगतो. इथलं मोठेपण मंत्रात नाहीये, मापात आहे.

आता थोडा इतिहास, पटापट. चौदाव्या शतकाच्या शेवटी महाराणा लाखांच्या काळात जावरच्या चांदी-शिशाच्या खाणींना जोर आला असं मेवाडची परंपरा सांगते. गाव श्रीमंत झालं, जैन मंदिरं उभी राहिली, जावर माता आहेच, आणि राणा कुंभांची मुलगी रमाबाई हिने इथे १४९७ मध्ये विष्णूचं देऊळ बांधलं, तिचा शिलालेख आहे. अकबराच्या दरबारी अबुल फझल यानेही जावरच्या जस्ताची नोंद घेतलीय. महाराणा प्रतापांनी शेवटची वर्षं ज्या चावंडला काढली तेही याच डोंगरपट्ट्यात.

मग पडता काळ आला, आणि इथे आपल्यालाही मान खाली घालावी लागते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेवाड आतल्या भांडणांनी पोखरलं होतं आणि वरून शिंदे-होळकरांच्या फौजा खंडणीसाठी येत राहिल्या. गावं ओस पडली, वाटा असुरक्षित झाल्या, आणि ज्या धंद्याला रोज माती, लाकूड, जनावरं आणि बाजार लागतो तो अशा दिवसांत टिकत नाही. त्यात १८१२-१३ चा दुष्काळ आला आणि भट्ट्या विझल्या त्या विझल्याच. उदयपूरला मराठा म्हटलं की जुन्या लोकांच्या चेहऱ्यावर जे येतं त्यामागे हे सगळं आहे, आपल्या शाळेच्या पुस्तकात ते मला कधी वाचायला मिळालं नव्हतं.

युरोपात काय चाललं होतं तोपर्यंत? तिथे जस्त पूर्वेकडून जहाजांनी यायचं, चीनहूनही बरंच यायचं, चिनी लोकांनी आपली वेगळी पद्धत बसवली होती. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनने १७३८ मध्ये जस्त काढायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि त्याच्या भट्टीतही वाफ खालीच उतरवलेली. जावरची बातमी व्यापाऱ्यांमार्फत तिकडे पोचली का यावर संशोधकांत चर्चा आहे, क्रॅडॉक यांना तसं वाटतं. जर्मनीत मार्गग्राफने १७४६ मध्ये जस्त वेगळं केलं आणि बऱ्याच पाठ्यपुस्तकांत शोधाचं श्रेय त्याच्या नावावर आहे. तेव्हा जावरच्या भट्ट्या कित्येक शतकं जुन्या झाल्या होत्या. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या धातुतज्ज्ञांच्या संस्थेने जावरला ऐतिहासिक स्थळ म्हणून मान दिला, हे चांगलं झालं.

खाण मात्र मेली नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश जपानच्या ताब्यात गेला, तिथलं शिसं बंद झालं, आणि भूवैज्ञानिकांनी परत जावरच्या डोंगरांकडे बघितलं. जुन्या लोकांची बिळं होतीच, तीच दिशादर्शक. पुढे १९६६ मध्ये सरकारी हिंदुस्थान झिंक आली, उदयपूरजवळ देबारीला जस्ताचा कारखाना झाला, २००२ मध्ये कंपनी खासगी हातात गेली. आज मोचिया, बलारिया, जावरमाला, बरोई चारही ठिकाणी जमिनीखाली काम चालू आहे. आताची पद्धत वेगळी, दगड पिठासारखा दळून पाण्यात फेस करतात, खनिज फेसाला चिकटून वर येतं, मग भाजायचं, आम्लात विरघळवायचं आणि विजेने जस्त पत्र्यावर चढवायचं. वाफेचा झगडाच नको.

आणि चांदीचं एक राहिलं. १८५० च्या सुमारास पार्क्स नावाच्या इंग्रजाने पद्धत काढली की वितळलेल्या शिशात थोडं जस्त टाकायचं. चांदीला शिशापेक्षा जस्त जास्त आवडतं, ती शिसं सोडून जस्तात जाते, आणि जस्त-चांदीची साय वर तरंगते, ती काढून घ्यायची. मग त्यातलं जस्त कसं उडवायचं? तापवून, वाफ करून. म्हणजे जो स्वभाव हजारो वर्षं डोकेदुखी होता तोच इथे कामाला आला. जगभर शिशातून चांदी काढताना ही युक्ती अजून वापरतात.

जस्त आपल्या घरात कुठे आहे विचाराल तर बघाल तिथे आहे. कोकणातल्या पडवीवरचा पत्रा, विहिरीवरची जुनी जस्ती बादली, विजेचे खांब, पाण्याचे जीआय पाइप, या सगळ्यांवर जस्ताचा पातळ थर आहे जो स्वतः झिजतो आणि आतलं लोखंड गंजू देत नाही. फक्त कल्हई म्हणजे जस्त नव्हे, ती कथिलाची, बरेच जण यात गल्लत करतात.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा, किंवा पावसाळ्यानंतर लगेच, तेव्हा टिडीला पाणी असतं आणि डोंगर थोडे दिवस हिरवे असतात. चालू खाणीत अर्थातच सोडत नाहीत. जुन्या बिळांच्या तोंडाशी एकट्याने घुसू नका, आत हवा खराब असते. रमाबाईचं देऊळ बघा, जावर मातेला जा, आणि मग त्या मुशींच्या भिंतीजवळ जाऊन एखादी फुटकी मूस निवांत न्याहाळा. बाहेरून तिला आगीने काचेसारखा ओघळ आलेला दिसेल. आत डोकावलं तर गोळ्या अजून चिकटून बसलेल्या असतात, मधमाशीच्या पोळ्यासारख्या सच्छिद्र, जस्त निघून गेलेल्या, आणि त्यांच्या मधोमध काडीएवढं एक सरळ भोक. तिथेच बघा आणि तिथेच राहू द्या, बॅगेत टाकून आणू नका, उचलून नेणाऱ्यांमुळे भिंती कमी होत चालल्यात.